डॉबरमन : एका रखवालदाराचे कुत्रे

(द्वितीय वर्ष कला वर्गातील एक विद्यार्थिनी)

‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी आपण सर्वांनीच कुठे ना कुठे वाचलेली असते. मी ती जवळजवळ दीड वर्ष रोज संध्याकाळी वाचत होते. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, गावाबाहेरच्या वसाहतीतील एका बंगल्यावर रात्रीचे रखवालदार आहेत. कॉलेज सुटल्यावर घरी जायचे, आईने भरलेला डबा घ्यायचा आणि दिवेलागणीच्या आत तो फाटकाशी पोचवायचा, हे माझे काम. पाटीवर एका कुत्र्याचे काळे तोंड रंगवलेले होते आणि पाटीच्या मागे तेच तोंड जिवंत उभे असे. त्याचे नाव सीझर. जातीने डॉबरमन.

वार्षिकांकासाठी लेख मागवण्यात आले तेव्हा माझ्या मैत्रिणींनी कविता दिल्या, कोणी प्रवासवर्णन दिले. मी कुत्र्यावर लिहिणार म्हटल्यावर वर्गात हशा पिकला. पण मला या विषयावर लिहिणे भाग आहे. का, ते पुढे येईलच. प्रथम या कुत्र्याची हकिकत सांगते.

आपोल्डा गावचा माणूस

जर्मनीत थुरिंजिया नावाचा प्रांत आहे. त्यात आपोल्डा हे एक लहानसे गाव. विणकाम आणि घंटांचे ओतकाम यांसाठी ते प्रसिद्ध होते. कोलोनच्या कॅथेड्रलमधील सुमारे २४ टनांची प्रचंड घंटा १९२३ साली याच गावी ओतली गेली. या गावात २ जानेवारी १८३४ रोजी कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान या माणसाचा जन्म झाला. आपण ज्याला डॉबरमन म्हणतो ते कुत्रे याच्याच नावाने ओळखले जाते.

एवढ्या रुबाबदार कुत्र्याचा जनक कोणी सरदार किंवा सेनापती असेल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात लुई डोबरमान हा पोटासाठी चार कामे करणारा सामान्य माणूस होता. तो करवसुलीचे काम करी. रात्री गावात पहारा देई. मोकाट कुत्री पकडून कोंडवाड्यात ठेवण्याचे कामही त्याच्याकडे होते. शिवाय मेलेली जनावरे उचलून नेणे आणि त्यांची कातडी सोलणे, हेही तो करी. हे शेवटचे काम करणाऱ्या माणसांना आपल्याकडे गावाने कुठे राहायला लावले, ते वाचकांना सांगायला नको. जर्मनीतही पूर्वी या धंद्यातील लोकांना मान नव्हता. त्यांच्याशी सोयरीक करायला इतर लोक कचरत असत.

आता या माणसाची अडचण लक्षात घ्या. वसुलीचे पैसे घेऊन आडवाटेने जायचे, रात्री अंधारात एकट्याने फिरायचे. कर मागणाऱ्याला तसेही कोणी प्रेमाने बोलावत नाही. त्याला एक असा सोबती हवा होता, जो चपळ असेल, निडर असेल, ज्याला नुसते पाहूनच चोर दोन पावले मागे सरेल; पण जो मालकाच्या पायाशी गुमान बसेल. असा कुत्रा तयार मिळत नव्हता. मात्र गावातील सर्व बेवारशी कुत्री त्याच्याच हातून जात असत. त्यांतून हवी तशी निवडून, एकमेकांशी जोडी लावून, १८७० च्या सुमारापासून त्याने आपल्याला हवा तसा कुत्रा घडवायला घेतला.

त्याने कोणत्या जाती एकत्र केल्या याची टिपणे त्याने ठेवली नाहीत. हिशेबाच्या वह्या ठेवणाऱ्या माणसाने या कामाची वही मात्र ठेवू नये, याची मला गंमत वाटली. अभ्यासकांचा तर्क असा की, घराची व तबेल्याची राखण करणारे आणि उंदीर मारणारे जर्मन पिन्शर, गुरे हाकणारे थोराड रॉटवायलर, मेंढपाळांची कुत्री आणि बोसेरॉन नावाचे फ्रेंच कुत्रे यांचे रक्त त्यात असावे. काळा रंग व त्यावरचे तांबूस ठिपके, अंगाशी बसलेले आखूड केस, रुंद छाती ही लक्षणे या पूर्वजांकडून आली. पुढे इंग्लंडचे मँचेस्टर टेरिअर आणि ग्रेहाउंड यांचाही संकर झाला. त्यामुळे अंगाला तकाकी आली आणि पायांत वेग आला.

लुई डोबरमान ९ जून १८९४ रोजी वारला. आपल्या कुत्र्याची कीर्ती त्याने पाहिली नाही. त्याच्या मागे पाच वर्षांनी, म्हणजे १८९९ साली, आपोल्डा येथेच ओट्टो ग्योलर याच्या पुढाकाराने या जातीची पहिली संघटना स्थापन झाली. सुरुवातीचे डॉबरमन फार तापट असत. ग्योलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वीण निवडताना शांत डोक्याचे कुत्रे पुढे आणले. जातीला नाव देताना त्यांनी तिच्या मूळ माणसाचे नाव दिले. मेलेली जनावरे उचलणाऱ्या माणसाचे नाव अशा रीतीने जगभर गेले. १९०८ साली अमेरिकेत या जातीच्या कुत्र्याची पहिली नोंद झाली.

पोलीस, सैनिक आणि बदनामी

जर्मन पोलिसांनी हे कुत्रे लवकरच हाताशी धरले. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलाने प्रामुख्याने डॉबरमन जातीची कुत्री घेतली. जुलै १९४४ मध्ये प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर लढाई झाली. जंगलात दबा धरून बसलेल्या जपानी सैनिकांचा वास ही कुत्री आधीच घेत आणि आपल्या सैनिकाला इशारा देत. या कामात २५ कुत्री मारली गेली. त्यांचे स्मारक ग्वामवर आहे. १९९४ साली तेथे एका डॉबरमनचा पुतळा बसवण्यात आला. पुतळ्यातील कुत्रा चाल करून जाणारा नाही. तो बसलेला आहे, कान टवकारून, पाहत. माझ्या मते हेच त्याचे खरे चित्र आहे.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट लढाई संपल्यानंतरची आहे. ही कुत्री आता माणसांत राहण्याच्या लायकीची उरली नाहीत, त्यांना मारून टाकावे, असा एक विचार होता. विल्यम पटनी या लष्करी पशुवैद्याने त्याला विरोध केला. कुत्र्यांना पुन्हा शिकवण्यात आले. माणसांवर विश्वास ठेवायला, खेळायला, घरात राहायला. पाचशेहून अधिक कुत्र्यांपैकी केवळ ४ कुत्री स्वभावामुळे परत पाठवता आली नाहीत. बाकीची लोकांच्या घरी गेली. युद्धात राहिलेल्या कुत्र्याचा स्वभाव जर इतका सावरता येतो, तर ‘ही जातच वाईट’ या म्हणण्याला काय अर्थ उरतो?

तरीही बदनामी झालीच. नाझींच्या छळछावण्यांच्या पहाऱ्यावर जी कुत्री होती, त्यांत डॉबरमनही होते. पुढे चित्रपटांनी त्यात भर घातली. १९७२ सालच्या एका अमेरिकन चित्रपटात तर सहा डॉबरमन बँकेवर दरोडा घालतात. आपल्याकडे मात्र त्याने चोर पकडण्याचेच काम केले. मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ साली सुरू झाले, ते तीन डॉबरमन कुत्र्यांवर. पुढे स्फोटके हुंगण्यासाठी लॅब्रेडॉर जातीची कुत्री पसंत केली गेली. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी गाजलेला ‘जंजीर’ हा लॅब्रेडॉरच होता.

मेंदू वाढतो म्हणे!

आमच्या गल्लीत डॉबरमनविषयी एक गोष्ट सर्वांना ठाऊक होती. “त्याचा मेंदू वाढत राहतो, कवटी मात्र तेवढीच राहते. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याला वेड लागते आणि तो मालकाचाच गळा धरतो.” मीही हे खरे मानत होते. सीझर चार वर्षांचा झाला तेव्हा मी आबांना म्हटले होते, “आबा, ही नोकरी सोडा.” आबा हसून म्हणाले, “अगं, त्याचा मेंदू वाढला तर बरंच होईल. साहेबांचा पेपर तरी वाचून दाखवील मला.”

ही समजूत साफ खोटी आहे. मी आमच्या पशुवैद्य डॉक्टरांना मुद्दाम विचारले. कोणत्याही प्राण्याची कवटी मेंदूच्या वाढीबरोबरच वाढते आणि वाढ पूर्ण झाली की दोन्ही थांबतात. डॉबरमन याला अपवाद नाही. हा समज जगभर पसरलेला आहे, एवढीच त्याची थोरवी.

मग या कुत्र्याचा खरा स्वभाव कसा? जातिवंत कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रत्येक जातीची लक्षणे लिहून ठेवली आहेत. त्यांनुसार नर डॉबरमन खांद्यापाशी ६८ ते ७२ सेंटिमीटर उंच आणि वजनाने ४० ते ४५ किलो असावा. मादी थोडी लहान, ३२ ते ३५ किलोची. स्वभावाबद्दल अपेक्षा अशी की, तो मनमिळाऊ व शांत असावा, घरच्या माणसांना जीव लावणारा असावा आणि त्याचा तिखटपणा मध्यम असावा. ‘मध्यम’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. उठसूट अंगावर जाणारा डॉबरमन हा चांगला राखणदार नसून बिघडलेला कुत्रा असतो.

स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली कुत्र्यांच्या बुद्धीवर पुस्तक लिहिले. सांगितलेले काम शिकण्यात आणि ऐकण्यात त्याने डॉबरमनला पाचवा क्रमांक दिला. परंतु बुद्धी असली की तिला काम लागते. हा कुत्रा मुळात एका माणसाबरोबर रात्रभर चालण्यासाठी घडवला गेला. त्याला माणसाची सोबत लागते, घराच्या माणसांच्या मागे मागे तो फिरतो. अशा कुत्र्याला दिवसभर साखळीने बांधून ठेवले, त्याच्याशी कोणी बोलले नाही, तर तो भितो. आणि भ्यालेला कुत्रा चावतो. लोक म्हणतात, मेंदू वाढला. वस्तुतः वाढलेला असतो तो एकटेपणा.

आणखी एक गोष्ट. त्याच्या आखूड केसांखाली मऊ केसांचा दुसरा थर नसतो. त्यामुळे त्याला थंडी सोसत नाही. सीझरला घर होते, पण ते पत्र्याचे आणि अंगणात. पौषातल्या थंडीत तो कुडकुडायचा. आबा त्याच्या अंगावर गोणपाट बांधायचे. पहाटे पहाटे तर आपल्या घोंगडीचे अर्धे टोक त्याच्यावर टाकायचे. ‘सावध’ची पाटी लावलेले ते कुत्रे आबांच्या मांडीवर हनुवटी टेकून झोपायचे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या सकाळी

गेल्या वर्षी, मी प्रथम वर्षात असताना, मार्च महिन्यात एका पहाटे सीझर मेला. आबा त्याला घेऊन शेवटची फेरी मारत होते. फाटकापाशी आल्यावर तो थांबला, मागच्या पायांवर बसल्यासारखा झाला आणि आडवा पडला. आबांनी पाणी आणेपर्यंत सारे संपले होते. तो सहा वर्षांचा होता.

एरवी आबांना ‘मामा’ म्हणणारे साहेब त्या सकाळी ‘तू’वर आले. “रात्री काय खायला घातलंस त्याला? कोणी काही दिलं का तुला?” चोर आधी कुत्र्याला विष घालतात आणि त्यासाठी रखवालदाराला पैसे देतात, असे साहेबांच्या एका स्नेह्याने त्यांना सुचवले होते. आबांना कामावरून जायला सांगितले. ते घरी आले, घोंगडीची घडी घातली आणि ओट्यावर बसून राहिले. आई विचारत होती, मी विचारत होते. ते फक्त एवढेच म्हणाले, “मी त्याला विष घालीन?”

पुढचे चार दिवस मी कॉलेजात आले नाही. सरांनी गैरहजेरीचे कारण विचारले होते, तेव्हा मी आजारी होते असे सांगितले. ते खोटे होते. त्याबद्दल सरांची क्षमा मागते.

सीझरला गाडीतून जनावरांच्या दवाखान्यात नेले होते. तेथील डॉक्टरांनी त्याची उत्तरीय तपासणी केली. पाचव्या दिवशी मी धीर करून एकटीच त्यांच्याकडे गेले. मी कोण, हे सांगितल्यावर त्यांनी मला बसायला सांगितले आणि एक प्रश्न विचारला: “तुझ्या वडिलांना आधी काही जाणवलं होतं का?” मी सांगितले, जाणवले होते. दिवाळीपासून सीझर दोन फेऱ्यांतच धापा टाकू लागला होता. एकदा तर पायऱ्यांशी त्याचे मागचे पाय दुमडले होते. आबांनी तेव्हाच साहेबांना सांगितले होते. “उन्हाने होतं,” असे उत्तर मिळाले होते. तेव्हा ऊन कुठले? दिवाळीचे दिवस!

डॉक्टर म्हणाले, “पोटात विषाची काही खूण नाही. पण याचं हृदय मी पाहिलं. ओल्या पिशवीसारखं ढिलं झालं होतं.”

मग त्यांनी मला जे समजावून सांगितले, ते मी येथे माझ्या शब्दांत देते. डॉबरमन जातीत हृदयाच्या स्नायूचा एक आजार फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. हृदयाची भिंत हळूहळू पातळ आणि कमजोर होते, आतले कप्पे ताणून मोठे होतात. रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडते. फुप्फुसांत पाणी साठून कुत्र्याला धाप लागते. कधी कधी ठोक्यांची लयच एकदम बिघडते आणि चालता-बोलता दिसणारा कुत्रा क्षणात कोसळतो. हा आजार कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे, आतल्या आत असतो. बाहेरून कुत्रा धडधाकट दिसतो.

हा आजार याच जातीत इतका का, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. जात शुद्ध ठेवायची म्हणजे नोंद असलेल्या कुत्र्यांचीच एकमेकांशी वीण करायची, बाहेरचे रक्त येऊ द्यायचे नाही. थोड्या पूर्वजांपासून सर्व कुटुंब वाढते. त्यामुळे चपळपणा, रंग, हुशारी हे गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. पण एखाद्या पूर्वजात दोष लपलेला असेल, तर तोही त्याच वाटेने टिकतो. लुई डोबरमानने कोंडवाड्यातील नाना तऱ्हेची कुत्री एकत्र करून ही जात घडवली. नंतरच्या लोकांनी दार लावून घेतले. ज्या शुद्धतेचे कागद दाखवून सीझर विकत घेतला होता, त्याच शुद्धतेतून त्याचे दुखणे आले होते. हे ऐकताना माझ्या मनात कुत्र्यांपलीकडचे पुष्कळ विचार आले. पण तो या लेखाचा विषय नव्हे.

हा आजार आधी ओळखता येतो. साधारण तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी हृदयाचा आलेख काढावा, शक्य असल्यास चोवीस तासांचा. आणि हृदयाची सोनोग्राफी करावी. आजार बरा होत नाही, परंतु वेळेवर औषध सुरू केल्यास हृदय निकामी होणे लांबवता येते, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिले आहे. म्हणजे दिवाळीत आबांचे म्हणणे कोणी ऐकले असते, तर सीझरला कदाचित आणखी काही महिने मिळाले असते.

डॉक्टरांनी हे सारे साहेबांनाही कळवले. दुसऱ्या दिवशी साहेबांचा माणूस घरी आला. “मामांना कामावर बोलावलंय,” म्हणाला. झाल्या गोष्टीबद्दल दुसरा शब्द नाही. आईला वाटत होते, आबांनी जाऊ नये. मलाही तसेच वाटत होते. आबांनी घोंगडी उचलली आणि ते गेले. दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती.

शेवटी थोडे

हा लेख मी आबांना वाचून दाखवला. ते चौथीपर्यंत शिकलेले आहेत. लुई डोबरमानचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. “म्हणजे तोही रात्रपाळीचाच,” ते म्हणाले. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, “त्यानं बरोबर केलं. एकट्यानं रात्र जात नाही.”

बंगल्यावर आता नवे पिल्लू आले आहे, तेही डॉबरमनच. आबांनी साहेबांना सांगून त्याचे घर अंगणातून व्हरांड्यात हलवले आहे, आणि ते मोठे झाले की दर वर्षी डॉक्टरांकडे न्यायचे, हेही कबूल करून घेतले आहे. या वेळी साहेबांनी ऐकले. पाटी अजून तिथेच आहे. डबा द्यायला गेले की पिल्लू फाटकाच्या गजांतून नाक बाहेर काढते आणि माझ्या ओढणीचे टोक धरते. त्याचे नाव अजून ठरलेले नाही. आबा त्याला ‘लुई’ म्हणतात.